साखर न घातलेले लाडू

“मग रक्तातली साखर वाढली कुठून, प्रोफेसर?” चिद्घनबुवांनी विचारलं.

दामोदर त्यांच्या पायाची पट्टी सोडत होता. त्यानं मान वर केली नाही. दोघं आत्ताच दवाखान्यातून मठात परतले होते. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

“कळत नाही, बुवा. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक पुडा आत येत नाही.”

ते मात्र खरं होतं. मठात राहायला येण्याआधी दामोदर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. भक्तांनी खाऊ आणला की तो आधी पुडा उलटा करून मागचा बारीक मजकूर वाचायचा. अर्धे पुडे दारातूनच परत जायचे. ‘भोळ्या लोकांना पुढची मोठी अक्षरं तेवढी दिसतात,’ असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. आज त्या शहाणपणाचाच त्याला शीण आला होता.

“काल काय खाल्लं मी?”

“खजुराचे लाडू. साखर न घातलेले.”

“आण तो डबा. वाच.”

दामोदरनं फडताळातून डबा काढला.

“पुढं लिहिलंय, साखर घातलेली नाही.”

“आणि मागं?”

“मागं...” त्याचा आवाज खाली आला. “खजुराची स्वतःची साखर असते, ती दिलीय. पण सगळे आकडे एका लाडवाचे आहेत, बुवा. एका वेळी एकच खाल्ला, असं धरून छापलेले.”

“हे काल ठाऊक होतं तुला?”

“होतं.”

“मी एकच खाल्ला?”

दामोदरनं डबा हलवला. तळाशी उरलेले दोन-तीन लाडू खुळखुळले.

“एकादशी अन् दुप्पट खाशी!” बुवा हसले, पण त्या हसण्यात जोर नव्हता. “वाढत कोण होतं?”

“...मीच.”

“सगळं वाचून?”

आता मात्र दामोदरला राहवलं नाही. “तुम्ही हात पुढे केलात, बुवा! गुरूनं पुढे केलेला हात रिकामा ठेवायचा? या मठात आजवर कुणी ठेवलाय? साखर घातलेली नाही असं छापलं होतं... मी तेवढंच धरून बसलो.”

पट्टी सुटली होती आणि जखम कालच्यापेक्षा मोठी दिसत होती.

थोड्या वेळानं बुवांनी उजवा हात पुढे केला.

“एक दे.”

दामोदर त्या तळहाताकडे बघत राहिला. हा हात एकदा डोक्यावर पडला आणि तो घरदार सोडून इथं राहिला होता. हे माणूस गेलं तर आपलं कुणी नाही, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं.

“दे ना रे.”

“...नाही, बुवा.”

त्यानं डब्याला झाकण लावलं. मग त्यानं कापूस घेतला आणि खाली मान घालून जखम पुसू लागला.

बुवांचा हात बराच वेळ तसाच होता. मग तो हळूहळू मांडीवर आला.

“उद्याही मागेन मी,” बुवा म्हणाले.