मेस्तोलीनींचं कढण

एका राज्यात, इटलीच्या डोंगरांपलीकडे, मेस्तोलीनी आडनावाचा एकच आचारी होता. त्या देशी पळीला मेस्तोलो म्हणत, आणि याच्या हातून पळी कधी सुटत नसे, म्हणून हे आडनाव. राजा ओत्ताव्हियो तापाने फणफणला, तेव्हा याच्याच घेवड्याच्या कढणाने उठून बसला. खूश होऊन त्याने दवंडी पिटवली, "जो जो मेस्तोलीनी, त्यास रोज दुपारी वाडगाभर कढण!"

झालं! वर्षभरात न्हावी, सुतार, धर्मगुरू, झाडून सारे मेस्तोलीनी झाले. खुद्द राजाही रांगेत उभा राहू लागला. बिचारा आचारी रांधता रांधताच मेला; पळी त्याच्या मदतनिसांनी उचलली आणि रांग चालूच राहिली.

त्याची बायको ओर्तेन्सिया जादूगारीण होती. तिने शाप दिला, "आडनाव हवं होतं ना? आता ते कोणाचंही सुटणार नाही!" त्या दिवसापासून दुसरं आडनाव लिहिलं की शाई उडून जाई.

पण त्या राज्यात एकाच आडनावाच्या दोघांचं लग्न लागत नसे. चौदा वर्षं एकही लग्न झालं नाही.

बातिस्ता चांभाराची मुलगी फियोरेल्ला आणि पाववाला तोनियो सहा वेळा चर्चच्या दारातून परत आले. सातव्या वेळी पायरीवरचा कावळा म्हणाला, "रडतेस काय? डोंगरावर ओर्तेन्सियाकडे जा."

ती गेली. शाप सोडवायला ओर्तेन्सियाने तीन कामं सांगितली. पहिलं, शिखरावरचा बर्फ न वितळू देता आणणे. फियोरेल्लाने तो गवतात गुंडाळून आणला. दुसरं, झोपलेल्या राक्षसाच्या मिशीचा केस. तोही आणला, राक्षस फक्त शिंकला.

"आता कढणावर पाणी सोडणारा एक माणूस आण."

तोनियो धावत आला. "मी सोडतो!"

"तुला बायको मिळते आहे. हा सौदा झाला. दुसरा आण."

फियोरेल्ला दारोदार फिरली. सुताराला ऐकू येईनासं झालं. राजा म्हणाला, "विचार करून कळवू." वडिलांना मात्र तिने विचारलंच नाही. बातिस्ताच्या तोंडात एकही दात नव्हता; कढण हेच त्याचं जेवण.

तिसऱ्या दिवशी म्हातारा आपणहून धापा टाकत डोंगर चढला.

"बाई, जावई मला पसंत नाही. कढण फार पसंत आहे. पण पोर सुकत चाललीय, ते बघवत नाही. हा घ्या वाडगा."

ओर्तेन्सियाचे डोळे भरून आले. "चौदा वर्षांत पहिला माणूस भेटला. शाप सुटला! पण तुझं आडनाव मी परत घेत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव तुला शोभेल."

त्याच क्षणी ज्याचं त्याचं जुनं आडनाव घरी परतलं. न्हाव्याचं चुकून सुताराकडे गेलं, ते त्यांनी आपसात बदलून घेतलं. लग्न लागलं, फियोरेल्ला नवऱ्याच्या आडनावाची झाली, आणि बातिस्ता उपाशी राहायच्या तयारीने घरी बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर राजाचा शिपाई उभा. "मेस्तोलीनी आपणच ना? दवंडी अजून चालू आहे. आता उभ्या राज्यात आपण एकटेच."

जावयाने कढणात मऊ पाव कुस्करून दिला. बातिस्ताने नाक मुरडलं आणि वाडगा चाटूनपुसून संपवला.