लिंबोणीचा जामीन

लिंबोणीला लिंबू धरेना, म्हणून गंभीरराजांनी माळ्याला हाकलायचं ठरवलं. पाडव्यापर्यंत झाडाला लिंबं लागली नाहीत, तर रखमाजी माळ्यानं बागेतलं घर सोडायचं आणि बिऱ्हाडासकट वेशीबाहेर व्हायचं. एवढा हुकूम दिला आणि राजे जेवायला गेले.

राजांची अडचणही समजून घेतली पाहिजे. त्यांना अपचनाचा त्रास होता, त्यावर रोज लिंबू लागायचं, आणि अपचनाहून मोठा त्रास साडूचा होता. हा साडू म्हणजे शेजारच्या संस्थानचे भानराजे. सणासुदीला ते टोपलीभर लिंबं पाठवायचे आणि वर निरोप द्यायचे, "तुमच्याकडे होत नाहीत असं ऐकलं." पाडव्याला ते स्वतःच येणार होते.

बरं, उपाय करायचे राहिले होते असंही नाही. त्या वाड्यात जो तो वैद्य होता. दिवाणजी म्हणाले, मुळाशी आंबट ताक ओता. राणीसाहेबांनी तांदळाचं धुवण धाडलं. कोतवालानं दृष्ट लागू नये म्हणून फांदीला फाटकी वहाण टांगली, आणि एकटी बरी दिसेना म्हणून तिची जोडीदारीण आणली. राख झाली, गुळाचं पाणी झालं, कांद्याच्या सालींचं पाणी झालं. स्वतः राजे रोज सकाळी ओवा, सुंठ, हिंगाचा काढा घेऊन यायचे, अर्धा आपण प्यायचे आणि अर्धा झाडाला घालायचे. "आम्हाला मानवतो, मग त्याला का मानवू नये?"

रखमाजीची सून धुरपा हे रोज बघत होती. झाडाला ढेकर देता येत असता, तर त्यानं कधीच दिला असता.

"मामंजी, त्याचं पोट बिघडलंय," ती म्हणाली. "त्याला नुसतं पाणी आन् ऊन द्या."

"मी देईन गं. पण सरकारांच्या हातातला तांब्या कोण काढून घेणार? तू?"

धुरपा घराकडं वळली. याच घरात ती लग्न होऊन आली होती. दाराशी तिच्या घेवड्याचा मांडव आत्ता कुठं फुलावर आला होता, आणि मांडव काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही.

पाडवा उजाडला. भानराजे आले, फराळ झाला, आणि मंडळी बागेत आली. साडूनं लिंबोणीला एक सावकाश फेरी मारली. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"वा. वहाणा चांगल्या धरल्यात."

गंभीरराजांचे कान लाल झाले. "माळी, सामान बांध."

रखमाजीनं मान खाली घातली. धुरपा पदर सावरत पुढं आली.

"सरकार, एक उपाय राहिलाय."

आता उपाय म्हटल्यावर राजांना पुढं पाऊल टाकवेना. "कसला?"

"आमच्यात न फळणाऱ्या झाडाला कुऱ्हाड दाखवत्यात. एकानं म्हणायचं, तोडतो. दुसऱ्यानं म्हणायचं, नको, पुढच्या साली फळंल, मी जामीन. झाड भितं आन् फळतं. पण जामीन वजनदार पायजे. मामंजी राहिले तर झाड म्हणंल, ह्याच्याजवळ आहेच काय."

"आम्ही राहू," दिवाणजी म्हणाले.

"दिवाणजींचा शब्द झाड मानंल. पण तरी सरकारांना विचारून यील."

राजांना हे पटलं. भानराजांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्याकडंही करतात हे. पण शब्द द्यायला छाती लागते."

मग काय विचारता! राजे लिंबोणीसमोर उभे राहिले. रखमाजीनं कुऱ्हाड उचलली. तिचं पातं त्यानं खोडाला टेकवलं, त्यामुळं धमकी खरीच वाटत होती.

"फळत न्हाईस. तोडतो तुला."

"थांब," राजे म्हणाले. "पुढच्या साली फळेल. आम्ही जामीन."

"जरा मोठ्यानं, सरकार," धुरपा म्हणाली. "हिंगानं त्याचे कान बसलेत."

राजे मोठ्यानं म्हणाले. पलीकडच्या गल्लीतसुद्धा ऐकू गेलं.

"आन् वर्षभर ताक, काढा, काय घालायचं न्हाई. धमकी दिल्यावर लाच देऊ नये. झाडाचा गोंधळ उडतो."

"नाही घालणार." राजांनी झाडाच्या खोडावर हात ठेवून वचन दिलं, मग हात झटकला. "झालं? आता माळी, सामान."

"बांधतो की," धुरपा म्हणाली. "तेवढं एक सांगा सरकार. गुन्हा झाडाचा. त्याला सरकारांनी आत्ताच पाहुण्यांदेखत वर्षाची मुदत दिली. मग माळ्याला ती का न्हाई?"

राजांनी साडूकडं पाहिलं.

"आन् जामीन राहिलं की तगादा जामिनाकडं. आजपातूर झाडासाठी जबाबदार मामंजी होते, आता सरकार आहेत. पुढच्या साली लिंबू न्हाई आलं, तर वेशीबाहेर कुणी जायचं, ते सरकारांनीच ठरवावं. आम्ही गाडी जुंपून देऊ."

दिवाणजी आपल्या जोड्यांकडं बघत राहिले. मग भानराजांच्या नाकातून एक आवाज निघाला. त्यांनी तो खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्यांचं पाहून गंभीरराजांचं पोट हलायला लागलं, आणि बघता बघता दोघे साडू एकमेकांच्या खांद्याला धरून हसू लागले.

"माळी, सामान सोड," राजे डोळे पुसत म्हणाले. "घर तुझं, पिढ्यान् पिढ्या. आणि पोरी, आजपासून बाग तुझ्या हुकमात. बोल, पहिला हुकूम काय?"

"चपला आन् सल्ले," धुरपा म्हणाली, "फाटकाबाहेर काढून यावं."

राजे आणखी मोठ्यानं हसले, आणि हसत हसतच फाटकाबाहेर गेले. घेवड्याच्या मांडवाकडं बघून त्यांना नुकताच एक सल्ला सुचला होता, तो बाहेर काढून ठेवायला हवा होता.