कारळेवाडीचा काकडा आणि ठकूचे लुगडे

कारळेवाडीच्या पाठीशी जो काळा, सरळसोट कडा उभा आहे त्याला काकडा म्हणतात. पाहुण्यांना वाटते, पहाटेच्या काकडआरतीशी याचे काही नाते असेल. तसे काही नाही. इथे कधी आरती झालेली नाही, कड्यात देव नाही, शेंदूर फासलेला साधा दगडही नाही. हा नुसता 'का' विचारणारा कडा, म्हणून काकडा. गावातले सीतारामअण्णा पाहुण्यांना तिथवर घेऊन जातात आणि म्हणतात, "विचारा त्याला काहीतरी." शहरातली माणसे बहुतेक स्वतःचेच नाव ओरडून बघतात. कडा बिचारा शेवटचे अक्षर तेवढे परत देतो आणि ती तेवढ्यावर खूश होऊन फोटो काढतात.

गावाची रीत वेगळी आहे. सुगी आटोपली, मार्गशीर्षाची थंडी पडू लागली, की कड्याच्या पायथ्याशी असलेल्या सपाट खडकावर गावातल्या मुली सुईदोरा घेऊन वाकळ शिकायला जमतात. गोधडीला या भागात वाकळ म्हणतात. पहिल्या दिवशी शिकवणारी बाई एखादे जुने लुगडे हातात धरते, ते जिचे असेल तिचे नाव घेते आणि कड्याकडे तोंड करून मोठ्याने विचारते, "कापू का?" कडा विचारतो, "का?" त्याला उत्तर दिल्याशिवाय लुगड्याला कात्री लावायची नाही. ही रीत कशी पडली, ते अण्णा सांगतात ते असे.

फार मागे या कड्याला आवाज नव्हता म्हणे. गुराख्यांनी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या तरी तो ढिम्म. त्या काळी गावात भिवरा नावाची बाई होती. वाकळ शिवावी तर तिने. इतर बायका हाताला येईल ते फडके घेऊन टाके घालत. भिवरा आधी ऋतू बघे. थंडीची वाकळ जाड, गडद तुकड्यांची आणि थरावर थर घालून केलेली. पावसाळ्याची दोनच पदरांची, चुलीवरच्या दांडीवर टाकली की लगेच सुकणारी. उन्हाळ्याची जुन्या धोतराची, पांढरी, अंगणात अंथरायची. बाळंतिणीची वेगळीच, तिला एकही जाड शिवण नाही. कुठला तुकडा कुठे बसवायचा ते ती खडकावर कोळशाने आखून दाखवी. आजूबाजूच्या वाड्यांतून मुली तिच्याकडे शिकायला येत. टाका वाकडा गेला की ती सगळी ओळ उसवायला लावी, आणि मुलगी रडकुंडीला आली की हसून गूळ हातावर ठेवी.

एवढे हात चालत होते, पण भिवराची कूस उजवली नव्हती. घरात मूल होते ते धाकट्या जावेचे. जाऊ ठकू, आणि तिची मुलगी बनी.

ठकू एका श्रावणात पंचमीसाठी माहेरी निघाली. बनीला ताप होता म्हणून तिला भिवराजवळ ठेवले. ओढ्याला लोंढा आला आणि ठकू त्यात गेली. गावाने काठ धुंडाळला. तिची दुरडी सापडली, ती नाही. शेवटी गवताचा पुतळा करून तो जाळला, दिवस घातले. ठकूची लुगडी वाटून टाकली, फक्त लग्नातले हिरवे, तांबड्या काठाचे इरकली लुगडे पेटीत ठेवले. कारण त्या काळी अशी रीत होती की, ज्याचा देह मिळाला नाही त्याचे एक वस्त्र वर्षभर अखंड ठेवायचे. चुकून माणूस जिवंत परत आलेच, तर तेच वस्त्र अंगावर घालून त्याला वेशीतून आत घ्यायचे. ते वस्त्र नसेल तर पुतळा जळालेला माणूस गावाला मेलेलाच.

बनी भिवराच्या कुशीत झोपू लागली. आधी आई कुठे म्हणून विचारी. मग विचारीनाशी झाली. आणि मग एका सकाळी तिने भाकरी मागताना भिवरालाच 'आई' म्हटले. भिवरा मळत होती ते पीठ परातीत तसेच राहिले. आपल्याला एवढा आनंद होतो आहे याची तिला लाज वाटली, असे सांगतात. पण आनंद व्हायचा तो झालाच.

मार्गशीर्ष आला. मुली खडकावर जमल्या आणि भिवराने पेटीतले हिरवे लुगडे आणून मध्ये ठेवले. वर्ष सरायला अजून पुष्कळ अवकाश होता. एकदोन बायकांनी भुवया वर केल्या. तेव्हा भिवरा म्हणाली, "लेकरू गारठतंय. आईच्या लुगड्याची ऊब नगं व्हय त्येला?" लेकराचे नाव पुढे केले की गावाची तोंडे बंद होतात, तेव्हाही होत होती.

भिवराने कात्री उचलली. मेलेल्या माणसाचा मान म्हणून ती सहज म्हणाली, "ठकू गं, कापू का?"

आणि वरून, कड्यातून, आवाज आला, "का?"

मुलींच्या हातातल्या सुया गळून पडल्या. जन्मात कधी न बोललेला कडा बोलला होता, आणि बोलला तोही ठकूच्या आवाजात. तो आवाज भिवराने चुलीपाशी, पाणवठ्यावर, जात्यावर ऐकलेला होता. ती ओळखायला चुकणार नव्हती.

"काकी, कडा बोलला!" एक मुलगी पुटपुटली.

"वारं हाय," भिवरा म्हणाली. "कडा कुटं बोलतो व्हय?"

आणि तिने कात्री चालवली. शहाण्या माणसाने तिथेच हात आवरला असता. हिने उलट घाई केली. काठ एकीकडे, पदर एकीकडे, हिरव्याचे चौकोन एकीकडे. ती बघता बघता सगळे लुगडे कापत सुटली. शिकवताना एक तुकडा कापायला जी बाई दहा वेळा माप घेई, ती आज माप न घेताच कापत होती.

तुकडे मांडून होतात न होतात, तोच कड्याच्या कडेच्या पायवाटेने कोणीतरी काठी टेकत उतरताना दिसले. अंगावर धनगरी घोंगडे, एक पाय ओढत चाललेला. खडकाशी येऊन त्या बाईने डोक्यावरचे घोंगडे मागे सारले.

ती ठकू होती.

मुलींनी किंकाळ्या फोडल्या आणि त्या वाट फुटेल तिकडे पळाल्या. भिवराला उठताच येईना. तिचे सगळे अंग बधिर झाले होते. आणि त्या बधिरपणात तिच्या मनात पहिली गोष्ट काय आली? जाऊ जिवंत आहे, ही नाही. 'ही कशाला परत आली?' हे आले. आपल्या मनात असले काही आहे हे बघून तिला ठकूला बघून बसला त्याहून मोठा धक्का बसला.

"आक्का," ठकू म्हणाली, "तुमी माजं नाव घेतलं म्हनून वरनं 'का' म्हनून इचारलं. मला वाटलं, तुमी मला बघितलं."

लोंढ्याने तिला पार खाली नेऊन बाभळीत अडकवले होते. तळ टाकलेल्या धनगरांनी तिला बाहेर काढले. पाय मोडलेला, ताप डोक्यात गेलेला. कित्येक दिवस तिला स्वतःचे नावसुद्धा सांगता येत नव्हते. धनगर पुढे निघाले तशी तीही त्यांच्याबरोबर रानोरान फिरली. पाय टेकता येऊ लागला तेव्हा ती एकटी माघारी फिरली. हे सगळे ती सांगत होती, आणि सांगता सांगता तिची नजर खडकावर गेली. हिरवे चौकोन. तांबडे काठ.

तेवढ्यात मुलींच्या ओरड्याने सारा गाव तिथे लोटला. ठकूचा नवरा पुढे आला आणि मध्येच थबकला. त्याने स्वतःच्या हाताने तिचा पुतळा जाळला होता. आता तिच्याकडे बघावे की नाही तेच त्याला कळेना. बनीने त्या विस्कटलेल्या केसांच्या बाईकडे पाहून भोकाड पसरले आणि ती धावत येऊन भिवराच्या पाठीमागे दडली. ठकूने पुढे केलेले हात तसेच राहिले.

गावचे पाटील हैबतीतात्या यांनी खडकावरचे तुकडे पाहिले. म्हातारा गडबडून गेला होता, पण रीत ती रीत. "पोरी, तू जित्ती हायेस हे मला दिसतंय," तो ठकूला म्हणाला. "पर वस्तर न्हाई. कशात गुंडाळून तुला वेशीतनं आत न्यायचं? आल्या वाटंनं माघारी जा. धनगर चांगली मानसं हायेत."

भिवराला यात बोलायचे कारणच नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. ठकू वाटेला लागली असती आणि बनी जन्मभर भिवराची झाली असती. पदराआड दडलेल्या लेकराची धडधड तिला पाठीला जाणवत होती.

ठकूने पाटलाकडे बघितलेसुद्धा नाही. तिने भिवराला विचारले, "आक्का, वरीस सरलं नव्हतं. का कापलं?"

तोच प्रश्न, तोच आवाज. आता वाऱ्यावर ढकलायची सोय नव्हती. लेकराच्या थंडीचे उत्तर तोंडाशी तयार होते आणि साऱ्या गावाने ते मानलेही असते.

"बनीसाठी न्हाई कापलं," भिवरा म्हणाली. "तू येऊ नये म्हनून कापलं. लुगडं पेटीत व्हतं तंवर रोज वाटायचं, आज येतीय, उद्या येतीय आन् लेकरू घिऊन जातीय. ते कापलं की मग तू आलीस तरी येनार न्हाईस. मला ठावं व्हतं."

भिवराच्या नवऱ्याने तोंडावर हात धरला. जिच्या हाताखाली गावातल्या मुली शहाण्या झाल्या, ती बाई भरल्या गावात हे बोलली होती. ठकू जिवंत दिसली तेव्हा पळालेल्या मुली आता जागच्या हलेनात.

ठकू काठी बाजूला ठेवून खडकावर बसली. "मग शिवा आता," ती म्हणाली.

"शिवून वस्तर अखंड व्हतंय व्हय?" पाटील म्हणाला.

भिवराने सुई उचलली होती. "तात्या, तुमी घरी वाकळ पांघरता. किती लुगड्यांची हाय ती? आईचं, आत्याचं, बायकूचं. तुमी तिला एक वाकळ म्हनता, का ढीगभर तुकडं म्हनता?"

पाटीलही खडकावर बसला. त्यावरून लोक काय ते समजले.

भिवराने बनीसाठी आखलेली थंडीची वाकळच मांडली. अस्तराला काही नव्हते, तेव्हा आपल्या पदराचा जुना भाग तिने फाडून दिला आणि ठकूने अंगावरचे घोंगडे आतल्या थराला दिले. वाकळ कडेपासून सुरू होते आणि आत आत जात मधोमध संपते. भिवरा एका बाजूला बसली. मुली आधी जवळ येईनात. मग एक आली, दोघी आल्या, दोन बाजू भरल्या. चौथ्या बाजूला ठकू स्वतः बसली. उन्हे कलली तरी कोणी घरी गेले नाही. टाक्यागणिक बनी आपल्यापासून दूर चालली आहे हे भिवराला कळत होते. तरी तिचा एक टाका वाकडा गेला नाही. मधला शेवटचा टाका तिनेच घातला आणि दोरा दातांनी तोडला.

वाकळ ठकूच्या अंगावर घातली गेली. मग भिवराने पाठीमागची बनी ओढून काढली, उचलली आणि वाकळीच्या आत नेऊन ठेवली. लेकरू 'आई, आई' करत भिवराकडे हात पसरून रडत होते. ठकूने वाकळीची कड त्याच्यावर ओढून घेतली आणि ती वेशीकडे चालू लागली. सारा गाव तिच्यामागून गेला. भिवरा तेवढी कड्याकडे तोंड करून उभी राहिली, असे सांगतात.

पुढच्या मार्गशीर्षात भिवरा शिकवायला येणार नाही असे सगळ्यांना वाटले होते. ती आली. मेलेल्या सासूचे एक जीर्ण लुगडे तिने हातात धरले. सासूला भडाग्नी दिलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता, तेव्हा भीतीचे काही कारण नव्हते. तिने विचारले, "आत्याबाई, कापू का?" आणि कड्यातून आवाज आला, "का?" मुली धावत वर जाऊन बघून आल्या. वर कोणी नव्हते. भिवराने कड्याला काय ते उत्तर दिले, हळूच, कोणाला ऐकू न जाईल असे, आणि त्यानंतरच लुगडे कापले. त्या दिवसापासून कडा बोलतो म्हणे.

बनीने मोठेपणीही भिवराला आईच म्हटले आणि ठकूने तिला कधी टोकले नाही. दोघी जावा मात्र एका चुलीवरचे पुन्हा कधी जेवल्या नाहीत. या दोन्ही गोष्टी खऱ्या, असे अण्णा सांगतात, आणि त्यावर जास्त काही बोलत नाहीत.

आजही मार्गशीर्षात कड्याखाली मुली जमतात, नाव घेतले जाते, कडा विचारतो. उत्तर देताना बाकीच्या बायका पाठ फिरवून उभ्या राहतात, म्हणजे जिचे तिला मोकळेपणी बोलता यावे. बहुतेक जणी उत्तर देतात आणि कापतात. एखादी मात्र उत्तर न देताच लुगड्याची घडी घालते, काखोटीला मारते आणि घरी जाते. तिला कोणी काही विचारत नाही.