टिचकी मुंगी आणि लाडवाचा चुरा

एक होती मुंगी. तिचं नाव टिचकी. एवढीश्शी. राहायची एका कचेरीत, कुंदाकाकूच्या टेबलाखाली.

कुंदाकाकू रोज यायची. कॉम्प्युटर सुरू करायची. कॉम्प्युटर चालला की डबा उघडायची. बेसनलाडू खायची, गपागप गपागप. चुरा सांडायचा, भुरभुर भुरभुर. तो चुरा टिचकीचा.

मग आली खंडेनवमी. कचेरीत पूजा झाली. कॉम्प्युटरला कुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद. दुसऱ्या दिवशी दसरा. कचेरीच बंद. दोन दिवस लाडू नाही. टिचकी उपाशी.

तिसऱ्या दिवशी काकू आली. डबा मात्र उघडेना. टिचकी टेबलावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू, काकू, लाडू खा ना. माझा चुरा मला मिळेना."

काकू म्हणाली, "कसला लाडू घेऊन बसलीस? हा कॉम्प्युटर चालला तर खाईन."

टिचकी गेली कॉम्प्युटरकडे. तुरुतुरु तुरुतुरु. त्याच्या तोंडावर एक चक्र फिरत होतं. गरगर गरगर.

"कॉम्प्युटर, कॉम्प्युटर, चाल ना. काकू खाईना, माझा चुरा मला मिळेना."

कॉम्प्युटर म्हणाला, "माझा नवा प्रोग्राम अर्धाच आला. उरलेला सर्व्हरने दिला तर चालेन."

टिचकी गेली सर्व्हरकडे. तुरुतुरु तुरुतुरु. सर्व्हर म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांचा मोठा दादा. गार खोलीत बसतो. काम कमी, आवाज फार. घूंऽऽ घूंऽऽ.

"सर्व्हरदादा, सर्व्हरदादा, प्रोग्राम दे ना. कॉम्प्युटर चालेना, काकू खाईना, माझा चुरा मला मिळेना."

सर्व्हर म्हणाला, "देतो, पण नेऊन कोण पोचवणार? ती नेटवर्कची डबी झोपलीय. ती उठली तर देईन."

टिचकी गेली डबीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. डबी घोरत होती. घुर्र घुर्र.

"डबीताई, डबीताई, ऊठ ना. सर्व्हर देईना, कॉम्प्युटर चालेना, काकू खाईना, माझा चुरा मला मिळेना."

डबीने जांभई दिली. "कशी उठू? माझी पिन काढली. माझ्या जागी दिव्यांची माळ लावली. ती निघाली तर उठेन."

टिचकी गेली माळेकडे. तुरुतुरु तुरुतुरु. माळ नटून बसली होती. लुकलुक लुकलुक.

"माळताई, माळताई, नीघ ना. डबी उठेना, सर्व्हर देईना, कॉम्प्युटर चालेना, काकू खाईना, माझा चुरा मला मिळेना."

माळ म्हणाली, "मी पूजेची माळ. अशी कशी निघेन? धोंडूमामांनी काढलं तर निघेन."

टिचकी गेली धोंडूमामांकडे. तुरुतुरु तुरुतुरु. धोंडूमामा कचेरीतले शिपाई. चहा पीत होते. फुर्र फुर्र.

"मामा, मामा, माळ काढा ना. माळ निघेना, डबी उठेना, सर्व्हर देईना, कॉम्प्युटर चालेना, काकू खाईना, माझा चुरा मला मिळेना."

मामा म्हणाले, "पूजेची माळ आहे ती. मीच लावली. डबीची पिन काढली नि हिची बसवली. कशी झकास दिसते. साहेबांनी सांगितलं तर काढीन."

टिचकी गेली साहेबांकडे. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले. पोट ओरडलं. रडूच आलं बिचारीला. ढवळेसाहेब बसले होते मऊ मऊ खुर्चीत.

"साहेब, साहेब, सांगा ना. मामा काढेनात, माळ निघेना, डबी उठेना, सर्व्हर देईना, कॉम्प्युटर चालेना, काकू खाईना, माझा चुरा मला मिळेना."

साहेब म्हणाले, "तक्रार आहे? फॉर्म भर."

"कुठे भरू?"

"कॉम्प्युटरवर."

"पण कॉम्प्युटरच चालेना."

"मग तशी तक्रार भर. कॉम्प्युटरवर."

आता मात्र टिचकी तापली. रडणं बंद. खुर्चीवर चढली. साहेबांच्या विजारीत शिरली. आणि चावली. कडकडून चावली. कुठे? आपण ज्याच्यावर बसतो ना, तिथे.

साहेब उडाले टुणकन. "आई आई गं. सांगतो, सांगतो. धोंडू, माळ काढ."

मामांनी माळ काढली, खट्. डबीची पिन लावली, खट्. डबी उठली, मिचमिच मिचमिच. सर्व्हरने प्रोग्राम दिला, सुर्रर्र. कॉम्प्युटर चालला, टिंग. काकूने डबा उघडला. लाडू खाल्ला, गपागप गपागप. चुरा सांडला, भुरभुर भुरभुर.

टिचकीने चुरा खाल्ला. पोट झालं टम्म. लाडू सरला, गोष्टही सरली.

आणि साहेब? ते दिवसभर उभेच होते. धोंडूमामांनी खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "नको रे. उभ्यानेच बरं वाटतं."