पडद्यावर लावा

शाळेने मुलांना टॅब वाटले आणि त्याबद्दल चेअरमन सरनोबतांनी स्वतःचाच सत्कार करवून घेतला. पुढच्या पालकसभेत वृषालीताई उठल्या. वर्गात त्या टॅबवर नको तो व्हिडिओ समोर आल्यापासून त्यांची नऊ वर्षांची जुई बोलेनाशी झाली होती. असले व्हिडिओ अडवायची सोय करा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

“बाई, घरचे संस्कार पक्के असले की असल्या व्हिडिओनं काही बिघडत नाही,” चेअरमन म्हणाले.

“मग तो व्हिडिओ आत्ता या पडद्यावर लावा. इथे सगळे संस्कारीच बसलेत.”

“इथे? अहो, बायकामाणसं आहेत.”

“वर्गात माझी जुई होती, साहेब.”

आठवड्यात सोय झाली. वृषालीताईंचं सगळ्यांनी कौतुक केलं. जुई मात्र अजून टॅब पालथाच ठेवते.