मोरथांब्यावरचे चिंध्यांचे मोर

उंबरघळीतून नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक मोठं वळण आहे. त्याला मोरथांबा म्हणतात. वळणावर दगडी चौथरा आहे आणि चौथऱ्यावर मोर बसलेत. मोर बसलेत, हे सांगावं लागतं. गावातले इठू तात्या नव्या पाहुण्याला चौथऱ्यासमोर उभं करतात आणि आधी विचारतात, "वळखा, काय हाय?" कुणी कोंबडी म्हणतं, कुणी उघडलेली छत्री म्हणतं. एक भिडस्त पाहुणे तर "हत्तीचं पिल्लू छान झालंय" म्हणाले होते. तात्यांना राग येत नाही. ते तंबाखू मळत चौथऱ्याच्या कडेला टेकतात आणि सांगायला घेतात.

फार मागची गोष्ट. गावात कोंडाबाई नावाची एक करारी बाई होती आणि तिला सारजा नावाची सून होती. सारजा कामाला वाघीण, बोलायला गोड, पण तिच्यात एक खोड होती म्हणे. तिच्या हातून काही टाकलं जात नसे. बांगडी फुटली की तुकडे कनवटीला. धोतर विरलं की किनार काढून ठेवली. नारळाची करवंटी, कणसाची पाती, भोपळ्याच्या बिया, मोडकं सूप, बैलाच्या शिंगाचा झडलेला गोंडा, सगळं एका बोचक्यात. आणि दुपारी घटकाभर सवड मिळाली की ती बोचकं सोडून बसायची. बियांचं तोरण व्हायचं, करवंटीचा पोपट व्हायचा.

कोंडाबाईनं पुष्कळ सोसलं. पोपटाला चुकून दाणे टाकले, तेही सोसलं. पण एका दुपारी ती शेतावरून आली, तर दारात कुणी बाई पदर घेऊन बसलेली. कोंडाबाई म्हणाली, "उन्हात का बसलीस गं, आत ये." मग तिथंच टेकून तिनं आपल्या कंबरदुखीपासून जावेच्या वागण्यापर्यंत सगळं सांगितलं. बाई हूं का चूं करेना. शेवटी कोंडाबाईनं तिच्याशी भांडण काढलं, हात धरून ओढलं, तर हातच निघून आला. बाई चिंध्यांची होती. हे सगळं शेजारच्या आळीनं बघितलं होतं.

त्या रात्री कोंडाबाई जेवली नाही. सकाळी म्हणाली, "जत्रंला देवीची पालखी नदीवर जाईल. त्या वाटंनं तुझं बोचकं न्हेऊन नदीत सोड. न्हाई सोडलंस, तर बोचकं आन तू, दोघी म्हायेरी."

सारजा बोचकं मांडीवर घेऊन बसली. माहेर लांब नव्हतं, तिथं भाकरीही मिळाली असती. पण तिला घर आवडत होतं, नवरा बरा होता, आणि खरं सांगायचं तर सासूही आवडत होती. बोचकं सोडावं तर हात रिकामे, न सोडावं तर घर रिकामं. जत्रेच्या दिवशी तिनं बोचकं डोक्यावर घेतलं आणि पालखीमागून चालू लागली. लोकांना वाटलं, देवीची ओटी असेल. काहींनी बोचक्याला हातही जोडले.

पालखी उंबराईदेवीची. दर चैत्रात देवी नदीवर अंघोळीला जाते, आणि दिवस मावळायच्या आत तिचे पाय पाण्याला लागले पाहिजेत, असा नेम. या वळणावर भोयांनी खांदा बदलायला पालखी टेकवली. आता खांदा बदलायला किती वेळ लागतो? पण एकानं तंबाखू काढली, दुसऱ्यानं चुना मागितला, तिसऱ्यानं मेव्हण्याच्या सोयरिकीचा विषय काढला. ऊन कलायला लागलं. आणि तेवढ्यात धुरपा आजीच्या अंगात आलं.

धुरपा आजी म्हणजे देवीची बोलकी बाई. देवीला जे सांगायचं ते तिच्या तोंडून यायचं. पण त्या वर्षी तिचा शेवटचा दातही पडला होता, आणि देवीला हे कुणी कळवलं नव्हतं. आजी घुमायला लागली, हात नदीकडं करून ओरडली, "म्होरं, म्होरं."

म्हणजे, पुढं चला. बसलात काय.

पण बिनदाताच्या तोंडातून ते निघालं "मोऽऽर, मोऽऽर" असं.

नामा गुरव दचकून उठला. "काय म्हणाली आई?"

"मोर म्हणाली," भोई म्हणाला.

"मोर पायजे देवीला," गुरवानं निकाल दिला. "मोर दिल्याबिगर पालखी हलायची न्हाई."

सारजा आजीला खेटून उभी होती. आजीच्या ओठांकडं तिचं लक्ष होतं. तिला स्वच्छ कळलं, आजी काय म्हणते ते. तिनं तोंड उघडलं. मग डोक्यावरचं बोचकं तिला जड लागलं. तिनं तोंड मिटलं. हे तिनं जन्मभर कुणालाही सांगितलं नाही, म्हणून सगळ्या गावाला माहीत आहे.

गडी डोंगरात पळाले. मोर आणायला गेलेले, ते एक तितर आणि दोघांचे खरचटलेले गुडघे घेऊन परत आले. गुरवानं तितर पालखीसमोर धरला. "मोऽऽर," आजी आणखी चिडून म्हणाली.

"ती काय आंधळी हाय व्हय," कोंडाबाई गुरवाला म्हणाली.

तेव्हा सारजा पुढं झाली. "गुरवबाबा, जित्ता न्हाई मिळाला तर केलेला चालंल का?"

गुरवानं डोकं खाजवलं. देवीनं जित्ताच पाहिजे असं काही म्हटलं नव्हतं.

सारजानं बोचकं सोडलं. कोंडाबाई तोंड उघडून बघत राहिली, पण देवीच्या कामात तिला बोलता येईना. सारजानं मोडकं सूप उभं केलं, तो झाला पिसारा. त्यावर बांगड्यांचे तुकडे डिंकानं चिकटवले, ते झाले डोळे. डिंक शेजारच्याच बाभळीचा. गळ्याला निळ्या खणाची चिंधी गुंडाळली, चोचीला झारीची तुटकी तोटी, तुऱ्याला बैलाचा गोंडा. उभा केला मोर.

लोक चहूबाजूंनी फिरून आले.

"कोंबडा झालाय," एक म्हणाला.

"कोंबड्याला एवढं शेपूट असतं का? रेडकू वाटतंय."

तेवढ्यात, असं सांगतात, करवंदीच्या जाळीतून एक खरा मोर बाहेर आला. तो त्या मोरासमोर उभा राहिला, मान तिरकी करून त्यानं पुष्कळ वेळ बघितलं, आणि एक शब्द न काढता परत गेला. त्या डोंगरात तेव्हापासून मोर दिसलेला नाही. त्याच्या मनाला लागलं म्हणे.

गुरवानं हात जोडून आजीला विचारलं, "आई, झालं का मनासारखं?"

आजीनं कपाळावर हात मारला. "मोऽऽर की रं, मोऽऽर."

"आणखी एक मागतीया," गुरव म्हणाला.

मग मात्र सगळी माणसं कामाला लागली. बोचकं एकट्या सारजाचं, ते पुरेना. कुणी आपली विटकी पागोट्याची झालर दिली, कुणी झिजक्या वहाणांचे तळ दिले, त्यांचे पाय झाले. भोयानं तंबाखूची फाटकी चंची दिली, तिचं पोट झालं. ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता ते गडी मांडी घालून पिसं शिवत बसले आणि एकमेकांच्या पिसांना नावं ठेवू लागले. दुसरा मोर झाला. आजी म्हणाली, मोर. तिसरा झाला. आजी म्हणाली, मोर. आवाज आता रडवेला झाला होता, पण लोकांना वाटलं, देवी भारावलीय.

चौथ्याला पिसाऱ्याचा काठ कमी पडला. बोचकं तळाला गेलेलं. सारजा इकडंतिकडं बघायला लागली. कोंडाबाई जागची उठली, आपल्या लुगड्याचा विरलेला काठ दातानं तोडला, टर्रकन फाडला आणि सुनेपुढं टाकला. "तिरका लाव," म्हणाली. "सरळ लावलास तर पुन्यांदा रेडकू व्हईल."

चौथा मोर उभा राहिला. आजीनं त्याच्याकडं बघितलं, मावळतीकडं बघितलं. मग घुमणं थांबवलं, पदर खोचला, एकटीच नदीकडं चालू लागली, आणि वळून म्हणाली, "चला की रं, मुडद्यांनो."

एवढा स्पष्ट कौल देवीनं त्याआधी कधी दिला नव्हता. भोयांनी पालखी उचलली आणि ते पळत सुटले. सूर्याची कड डोंगराला टेकता टेकता देवीचे पाय पाण्याला लागले.

नदीकाठी गर्दी पांगल्यावर सारजा सासूसमोर जाऊन उभी राहिली. हातात नुसतं फडकं. "आत्या, सोडायला काय उरलंच न्हाई."

कोंडाबाई दगडावर बसून पाय चोळत होती. तिनं दुसरा पाय मांडीवर घेतला. मग म्हणाली, "काय गं, ती धुरपा काय म्हणत व्हती तवा? तू जवळ व्हतीस."

सारजानं फडक्याची घडी घातली. "मोर," ती म्हणाली.

कोंडाबाईनं सुनेकडं बघितलं. वळणावर ती स्वतः धुरपा आजीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, सारजापेक्षाही जवळ.

"व्हय," ती म्हणाली. "मलाबी मोरच ऐकू आलं. पाय लई दुखत व्हतं माझं." मग तिनं फडकं घेतलं, वाळूतली एक फुटकी पणती उचलून त्यात बांधली आणि ते सारजाच्या हातात दिलं. "धर. लागंल कायतरी."

एवढं सांगून इठू तात्या तंबाखू थुंकतात आणि उठतात.

आजही चैत्रात पालखी या वळणावर टेकते. आता देवीची बोलकी बाई तरणी आहे, तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, आणि ती "म्होरं" इतकं स्वच्छ म्हणते की पलीकडच्या वाडीत ऐकू जावं. गाव ऐकतं, मान डोलावतं आणि खाली बसतं. घराघरांतून वर्षभर साठवलेली बोचकी सुटतात. दुधाच्या पिशव्या, बिघडलेल्या सीड्या, शाळेच्या फाटक्या दप्तरांचे बंद, लग्नपत्रिका, सायकलच्या तारा. एका घराचा एक मोर, आणि तो सासूसुनेनं मिळून करायचा, असा रिवाज. सून नसेल तर शेजारची उसनी घेतात. बसण्याआधी गुरव प्रत्येक जोडीपुढं जाऊन विचारतो, "काय ऐकू आलं?" सासू आणि सून एकमेकींकडं न बघता, चेहरा जराही न हलवता, एकदम सांगतात, "मोर."