वरच्या छपरावरचा बर्फ

डोंगरमाथ्यावरच्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. राहत कसले, ऐसपैस पसरलेले असे! त्याच्या घराचे छप्पर उंच आणि चांगले उतरते होते, म्हणजे वर पडलेला बर्फ आपोआप घसरून जावा. घरापुढे मोकळा ओटा होता. एका सशिणीने उन्हाळाभर अस्वलासाठी अक्रोड गोळा केले, ते एकाच बोलीवर: ओट्यावर छप्पर घालायचे आणि हिवाळ्यात तिच्या पिल्लांना त्याखाली राहू द्यायचे.

छप्पर घालायला आला कोल्हा. बारक्या फांद्यांचे खांब, वर सपाट गवत, की झाले काम! सशीण म्हणाली, "कोल्हेदादा, अस्वलदादांच्या छपरावरचा सगळा बर्फ यावरच घसरणार. खांब जाड घाला ना!"

कोल्हा हसला. "अगं, आभाळातून पडेल तेवढाच बर्फ मोजायचा असतो. उगाच शहाणपणा शिकवू नकोस."

अस्वलही गुरगुरले, "फुकटात निवारा मिळतोय, वर तक्रार!"

फुकटात म्हणे! मुलांनो, हे सांगतानासुद्धा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हिवाळा आला, दोन्ही छपरांवर बर्फ साचला. एके दिवशी लख्ख ऊन पडले. अस्वल आणि कोल्हा आत शेगडीपाशी अक्रोड फोडत बसले होते. तेवढ्यात वरच्या छपरावरचा सारा बर्फ एकदम सुटला आणि धाडकन ओट्यावरच्या छपरावर आदळला. खांब कडाकड मोडले. सशिणीने पिल्लांना ओढून बाहेर काढले, पण धाकट्याचा पाय वाशाखाली चिरडला. ते पिल्लू पुन्हा कधी धड उडी मारू शकले नाही.

आतून अस्वल खेकसले, "काय गं ए, तुझी पोरं छपरावर नाचत होती की काय?" मग त्याने दार ढकलले. दार हलेना! सगळा ढीग दाराशीच येऊन पडला होता. लगेच आवाज मऊ झाला. "सशीणबाई, जरा उकरता का? किती बर्फ पडलाय हो बाहेर?"

सशिणीने विव्हळणारे पिल्लू पाठीवर घेतले. "आभाळातून पडलेला थोडाच आहे, अस्वलदादा. बाकीचा तुमच्या छपरावरचा. कोल्हेदादा आहेत ना शेजारी? त्यांना विचारा, तो मोजायचा नसतो."

आणि ती पिल्लांना घेऊन चालती झाली. बर्फ वितळेपर्यंत ते दोघे आत कोंडून पडले. अक्रोड संपल्यावर टरफले चघळत बसले. चघळू देत!

तात्पर्य : आपल्या माथ्यावरचे ओझे खालच्याच्या माथ्यावर ढकलायचे आणि हिशेबात मात्र धरायचे नाही, हा निव्वळ नीचपणा आहे, आणि ते ओझे शेवटी आपल्याच दारात येऊन पडते.